बाईंचा प्रोसेसर

"या वयात कॉम्प्युटरवर गेम खेळता?" असं कुणी विचारलं की बाई चष्मा नाकावर खाली ओढत आणि म्हणत, "खेळत नाही. उडते." एवढ्यावर विषय संपायचा. विचारणारा बहुधा इंदापूरच्या मंडईतला भाजीवाला असायचा आणि तो कोथिंबिरीची काडी जास्तीची टाकायचा.

बावड्याच्या शाळेत बाई आम्हाला भूगोल शिकवायच्या. स्वतः फारशा कुठं गेलेल्या नव्हत्या, पण अँडीज पर्वत फळ्यावर असा काढायच्या की जणू माहेरचा रस्ता. नकाशा त्यांना समोर लागायचा नाही. निवृत्त झाल्या तरी पर्समध्ये खडूचा तुकडा असायचाच. बँकेत, दवाखान्यात, कुठंही काही समजावून सांगायची वेळ आली की खडू बाहेर निघायचा आणि समोरच्या टेबलावर आकृती उमटायची. पुसायचं काम ज्याचं टेबल त्याचं.

त्यांची शिकवायची एक पद्धत होती. धरण चांगलं की वाईट, असा धडा आला की अर्धा वर्ग चांगलं म्हणणारा आणि अर्धा वाईट म्हणणारा. आम्ही तावातावानं भांडायचो. वाद रंगात आला की बाई टेबलावर डस्टर आपटत, "आता बाजू बदला." मग मघाशी ज्याला शिव्या घातल्या त्याचीच बाजू घेऊन बोलायचं. आणि तेही मनापासून. मुद्दाम लेचंपेचं बोलणाऱ्याला त्या खाली बसवत आणि पुन्हा उभं करत.

ही पद्धत वर्गापुरती असती तर ठीक होतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. दहावीनंतर मला बारामतीला पाठवायला वडील तयार नव्हते. एका रविवारी बाई एस.टी.नं आल्या, वस्तीपर्यंत चालत आल्या, ओट्यावर बसल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "पोराला का पाठवायचं नाही ते सांगा." वडिलांनी सांगितलं. शेत, पाणी, एकुलता एक, शहराचं वारं, सगळं सांगितलं. बाईंनी मान हलवत ऐकलं. मग म्हणाल्या, "छान. आता बाजू बदला. का पाठवायचं, तेही तुम्हीच सांगा." वडील गडबडले. पण बाईंसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. ते अडखळत बोलायला लागले. आणि शेवटी म्हणाले, "पाठवतो बाई." अजूनही ते पाहुण्यांना सांगतात, "त्या बाईनं मला माझ्याच तोंडानं हरवलं."

तेव्हा मी आज बारामतीच्या एमआयडीसीत खुर्चीवर बसून जे काही काम करतो, ते बाईंमुळे. म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांचा फोन आला तेव्हा मी बसल्या जागी उभा राहिलो.

"तू कॉम्प्युटरचा इंजिनिअर ना?"

"हो बाई."

"मग सांग. तांबडा घेऊ की निळा?"

मी नम्रपणे सांगितलं की मी सॉफ्टवेअर लिहितो, मशीनचं झाकण कधी उघडलेलं नाही.

"डोळ्यांचा डॉक्टर असला तरी ताप आल्यावर गोळी सांगतो की नाही? रविवारी ये."

झालं होतं असं. बाईंच्या मुलानं कॉलेजात वापरलेला जुना कॉम्प्युटर घरी पडून होता. त्यावर विमान चालवायचा एक खेळ त्यांच्या हाती लागला. त्यात सगळी पृथ्वी खरी दिसते. नद्या जागच्या जागी, डोंगर जागच्या जागी. जन्मभर फळ्यावर काढलेली पृथ्वी बाईंना अशी अचानक वरून बघायला मिळाली. त्या रोज सकाळी अंघोळ, पूजा आटोपून, पदर खोचून, बारामतीच्या धावपट्टीवरून निघायच्या. नीरेच्या कालव्याच्या कडेकडेनं, उसाचे चौकोन ओलांडून, नरसिंहपूरपर्यंत. तिथं नीरा आणि भीमा मिळतात. तो संगम त्यांनी कितीतरी वर्गांना खडूनं काढून दाखवला होता. पण नेमकं खाली उतरून वळण घ्यायला गेलं की जुन्या मशीनचा जीव जायचा. चित्र थबकायचं. नद्या भेटायच्या आत पडदा गोठायचा. बाई कपाळाला हात लावून म्हणायच्या, "पुन्हा अडलं घोडं."

उतरणं मात्र बाईंना कधीच नीट जमलं नाही, यात मशीनचा दोष नव्हता. त्यांचं विमान बहुतेक वेळा धावपट्टीशेजारच्या उसात जाऊन थांबायचं. "ऊस मऊ असतो," असं त्यांचं म्हणणं.

तर, नवं मशीन बांधायचं आणि ते चांगलं तगडं बांधायचं, असं बाईंनी ठरवलं. अशा मशीनचे प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या दोन. दुकानदारांच्या बोलण्यात एक तांबडी आणि एक निळी. गोम अशी की ज्या पाटावर प्रोसेसर बसतो तो मदरबोर्डही त्याच कंपनीच्या मापाचा लागतो. एकदा एका घरात शिरलं की मधेच दुसऱ्या घरात जाता येत नाही.

रविवारी मी गेलो तर बाईंनी हे सगळं आधीच आपल्या भाषेत बसवून ठेवलं होतं. प्रोसेसर म्हणजे मुख्याध्यापक. मदरबोर्ड म्हणजे शाळेची इमारत. ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्रकलेचे सर, अंगानं सगळ्यात मोठे आणि सगळ्यात जास्त वीज खाणारे. (बावड्याला आमचे चित्रकलेचे सर खरोखरच दांडगे होते आणि शाळेतला एकुलता एक पंखा त्यांच्याच डोक्यावर असायचा.)

"आता मला सांग," बाई म्हणाल्या, "निळ्यांच्यात दोन-तीन वर्षांनी नवा मुख्याध्यापक आला की जुन्या इमारतीत त्याची खुर्ची मावत नाही म्हणे. इमारतच नवी बांधायची. ही कसली शाळा?"

"आणि तांबड्यांच्यात बाई, पुढची काही वर्षं नवे मुख्याध्यापक त्याच खुर्चीत बसतील."

"पण ते हट्टी असतात असं ऐकलंय. सुरू व्हायला वेळ घेतात."

मला हे माहीत नव्हतं. मी मान हलवली. बाईंच्या लक्षात आलं. "तुझा अभ्यास झालेला नाही," त्या म्हणाल्या.

मग आम्ही दुकानात गेलो. बारामतीत भिगवण चौकाकडं रफिकचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. रफिक आमच्याच वर्गातला. त्याच्या वडिलांचं बावड्यात बांगड्यांचं दुकान होतं. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि बाईंनी नाव घेतलं की बाकाखाली काहीतरी शोधायला लागायचा. दुकानात बाई शिरल्या तशी त्यानं समोरच्या गिऱ्हाइकाला हातानंच थांबवलं आणि उभा राहिला.

"बाई, तुमी? बसा की. ए, च्या सांग रं तिकडं."

"चहा नको. समजावून सांग."

रफिकनं आधी त्यांना रंगीत दिवे लुकलुकणारं एक मशीन दाखवलं. बाईंनी ते चारी बाजूंनी बघितलं. "हे कॉम्प्युटर आहे की गणपतीची आरास?" मग खडू निघाला आणि काचेच्या काउंटरवर शाळेची इमारत उभी राहिली. रफिक निळे प्रोसेसर वर्षानुवर्षं विकत होता. त्यांच्यातलं त्याला पाठ होतं, माल दुकानात तयार होता. तांबड्यातला बाईंना हवा तो प्रोसेसर मागवावा लागणार होता. "बाई, निळा घ्या. आज जोडून देतो, उद्या उडा," तो म्हणाला.

"तुझ्याकडं आहे म्हणून सांगतोस की चांगला आहे म्हणून?"

रफिक काउंटरखाली काहीतरी शोधायला लागला.

त्यानंतरचे कित्येक महिने बाईंनी आम्हा दोघांना अभ्यासाला लावलं. माझ्याकडं वेग आणि रफिककडं उष्णता, असे विषय वाटून दिले. रफिक मला फोन करून रडायचा. "अरं, बाई रोज इचारत्यात. काल म्हनल्या, इंदापूरच्या उन्हाळ्यात कोन किती तापतंय त्याचं टिपण काढ. मी शाळंत असताना कदी टिपण काढलं न्हाय, आता दुकान सोडून काढतोय!" मी म्हणायचो, काढ बाबा. तो काढायचा. आणि खरं सांगायचं तर त्याला गोडी लागली होती. दुकानात येणाऱ्या पोरांना तो आता निळ्यातलं वाईट आणि तांबड्यातलं चांगलंही सांगायचा. दुकानात त्याच्याबरोबर बसणारा भाऊ वैतागायचा.

हे असंच मजेत चाललं असतं. पण मधेच बाईंना छातीत दुखायला लागलं. मुलानं पुण्याला नेलं, तिथं हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. बाई महिन्याभरानं इंदापूरला परतल्या त्या बारीक होऊन. मुलगा एकुलता, सरळ, आईवर जीव असलेला. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं. आईनं आता इंदापूरचं घर बंद करावं आणि पुण्याला त्याच्याकडं यावं. "आई, आता नवा पसारा मांडू नकोस," एवढं एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. मशीन म्हणजे पसारा. मशीन इंदापुरात उभं राहिलं की आई हलणार नाही, हे त्यालाही कळत होतं आणि बाईंनाही. पुण्याच्या घरात त्यांना जी खोली मिळणार होती तिची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची. बाई त्याबद्दल एवढंच म्हणाल्या, "तिथून आकाश मोजून मिळतं."

आणि मग त्यांनी आम्हाला बोलावलं. मला, रफिकला आणि मुलालाही. रविवारी दुपारी, जेवून.

ओसरीत तीन खुर्च्या मांडलेल्या. समोर एका स्टुलावर स्टीलचा पेला आणि चमचा.

"वादविवाद स्पर्धा," बाईंनी जाहीर केलं. "विषय, तांबडा की निळा. पेला वाजला की थांबायचं. परीक्षक," त्यांनी मुलाकडं बोट केलं, "तू."

"आई, हे काय आता?"

"परीक्षकानं मधे बोलायचं नसतं."

पहिल्यांदा मी तांबड्याच्या बाजूनं उठलो. वय झालं तरी बाईंसमोर उभं राहिलं की माझे हात आपोआप मागं जातात. मी म्हणालो, तांबड्या मुख्याध्यापकांच्या स्वतःच्या खोलीतच मोठं कपाट आहे, त्यामुळे दर वेळी शिपायाला ग्रंथालयात पिटाळावं लागत नाही. विमानाच्या खेळाला नेमकं हेच लागतं. तापतोही कमी. आणि खुर्ची पुढं तीच राहणार. बाईंनी मान हलवली. मला बरं वाटलं.

रफिक निळ्याच्या बाजूनं उठला. सुरुवात चांगली केली. बाकीच्या कामाला निळा कसा दणकट, माल कसा हाताशी, आपला अनुभव किती. बोलता बोलता त्याला जोर चढला. "आनि ह्यो सारका म्हनतोय, पुडचा प्रोसेसर, पुडची पिढी! बाई, तुमाला काय करायचंय पुडचं? तुमी आजचं बगा की!"

तो थांबला. कुणी पेला वाजवला नव्हता, तरी थांबला.

बाहेर शेजारच्या घरी कुणीतरी मोटर चालू केली होती, तिचा आवाज येत राहिला. मुलगा खाली फरशीकडं बघत होता. रफिक जे बोलून बसला तेच तो इतके दिवस आईला सांगत होता, फक्त चांगल्या शब्दांत. रफिकचा चेहरा बघवत नव्हता. "बाई, मला तसं न्हाय..."

बाईंनी चमच्यानं पेला वाजवला.

"वेळ संपली. बाजू बदला."

मला निळ्याची बाजू घ्यायची होती. म्हणजे बाईंनी पुढचं बघू नये असं म्हणायचं, हे ओसरीतल्या सगळ्यांना कळत होतं. मी काहीतरी पुटपुटलो. बाई म्हणाल्या, "खाली बस. पुन्हा ऊठ. हरायचं म्हणून बोलू नकोस." मी पुन्हा उठलो आणि नीट बोललो. म्हणालो, जे हाताशी आहे ते आज सुख देतं. मागवलेल्या वस्तूची वाट बघण्यात दिवस जातात. माणसानं पुढच्या खुर्चीचा विचार करताना आजच्या तब्येतीचाही करावा. ज्यांचा आपल्यावर जीव आहे ते काही सांगत असतील तर त्यांच्या सांगण्यालाही वजन असतं. बोलताना मी मुलाकडं बघितलं नाही, पण त्यानं मान वर केल्याचं मला कळलं. बाई म्हणाल्या, "आता बरं मांडलंस."

मग रफिक. तांबड्याच्या बाजूनं. त्याच्या कपाळावर घाम होता.

"बाई," तो म्हणाला आणि अडकला. मग मुलाकडं वळला. "दादा, मी मगाशी चुकीचं बोललो, ते ऱ्हाऊ द्या. आता ह्या बाजूचं सांगतो. हा बोर्ड एकदा बसला की उगडायचा न्हाय. नवा प्रोसेसर आला की मी सवता येनार. बारामतीवरनं फटफटीवर. जुना काडनार, नवा बसवनार, च्या पिनार आनि जानार. त्याच्याफुडचा आला की पुन्यांदा येनार. बाईंनी फक्त दार उगडायचं. दार उगडायला बाई पायजेत, एवढंच." त्यानं नाक ओढलं. "आनि बाई असनार. त्यांनी मला सातवीत नापास केलतं, आजून ते मिटलेलं न्हाय आमचं."

बाई पहिल्यांदा हसल्या. "तू नापास झालास. मी केलं नाही."

सगळे परीक्षकाकडं बघायला लागले. मुलानं खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला. मग रफिकला विचारलं, "नवा बसवायला मशीन पुण्याला आणावं लागतं?"

"न्हाय. हितंच. घरी."

"आणि मधे काही बिघडलं तर?"

"बारामती काय लांब हाय का, दादा? फोन आला की निगालोच."

"आईलाच काही झालं, तर?"

रफिक गोंधळला. मग म्हणाला, "तर आदी मी पोचनार आनि मग तुमाला फोन करनार."

मुलगा उठला. "तांबडा," तो म्हणाला आणि पाणी प्यायला आत गेला.

सामान आलं त्या दिवशी मुलगा पुण्याहून मोठा पडदा घेऊन स्वतः आला. रफिकनं देवघरासमोर सतरंजी टाकून जोडणी केली. बाईंनी प्रोसेसर हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि "मुख्याध्यापक एवढेसे?" असं म्हणून परत दिला. सगळं जोडून झालं. रफिकनं बटण दाबलं. पंखे फिरायला लागले. पडदा काळा.

आम्ही वाट बघितली. काळाच. रफिकनं केबल काढून घातली. काळाच. पहिल्या वेळी नव्या रॅमशी ओळख करून घ्यायला हे मशीन वेळ लावतं, असं त्यानं स्वतःच्याच टिपणात लिहिलं होतं, पण त्या क्षणी त्याचं टिपण त्याच्या उपयोगी पडलं नाही. "गेला बहुतेक बोर्ड," तो पुटपुटला आणि बटणाकडं हात नेला.

"हात लावू नकोस," बाई म्हणाल्या. त्या खुर्चीवर मांडी घालून शेंगा सोलत होत्या. "नवीन मुख्याध्यापक आलेत. पहिल्या दिवशी हजेरी घेतात. बसा गप्प."

आम्ही तिघं सतरंजीवर गप्प बसलो. इंजिनिअर, दुकानदार आणि पुण्याचा साहेब. बाईंच्या बऱ्याच शेंगा सोलून झाल्या, तेव्हा पडदा उजळला.

त्या दिवशी नरसिंहपूरला पडदा गोठला नाही. नीरा आली, भीमा आली, दोघी मिळाल्या आणि पुढं वाहत गेल्या. बाईंनी दोनदा चक्कर मारली आणि परत येऊन उसात उतरल्या.

गेल्या वर्षी तांबड्यांचा नवा प्रोसेसर आला. रफिक ठरल्याप्रमाणे फटफटीवर आला, जुना काढला, नवा बसवला, चहा प्यायला. मी सुट्टी काढून गेलो होतो. जुन्याचं काय करायचं, असं रफिकनं विचारलं, तर बाई म्हणाल्या, "तो पुण्याला जायचाय." मुलानं गुपचूप त्याच खुर्चीचा बोर्ड घेऊन ठेवला होता, आपल्या घरी, त्या भिंतीकडं उघडणाऱ्या खिडकीच्या खोलीत.

आता रविवारी सकाळी दोघं बरोबर उडतात. बाई इंदापुरातून, मुलगा पुण्यातून, दोन विमानं एकाच आकाशात. परवा मी गेलो तेव्हा ते हिमालयात कुठंतरी होते आणि मुलाचा आवाज स्पीकरवर येत होता.

"आई, हळू. मी मागं पडतोय."

"मागंच राहा," बाई म्हणाल्या, डोळे पडद्यावरून न काढता. "पुढं खिंड आहे. कधी वळायचं ते मी सांगते."